पाखरं मोजायचं वर्ष

मंडळी, आपल्या गणपतीच्या कार्यक्रमात आरती संपून प्रसादाची ताटं फिरायला लागली की शाळा संपलेल्या मुलांच्या आईवडिलांना एक प्रश्न हमखास येतो, "मग? पुढे काय?" २०२४ च्या गणपतीत तो आमच्याकडे आला. आमच्या कन्येचं आबिटूर त्याच उन्हाळ्यात झालं होतं. गुण चांगले होते, मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा प्रवेशही हातात होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हटलं, "ती उत्तर समुद्रातल्या एका बेटावर गेली आहे. पक्षी मोजायला."

समोरच्या काकूंच्या हातातला मोदक हातातच राहिला. "किती दिवस?"

"वर्षभर."

"अगंबाई! आणि अॅडमिशन?"

काकूंना दोष देण्यात अर्थ नाही. चारच महिन्यांपूर्वी आम्ही स्वतः हेच, याहून चढ्या आवाजात, विचारलं होतं. आम्ही दोघंही इंजिनिअर. २००१ साली मास्टर्स करायला स्टुटगार्टला आलो ते दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि बँकेचं कर्ज घेऊन. एखाद्या विषयात गचांडी खाल्ली तर सेमिस्टर वाढेल, व्हिसा वाढवावा लागेल, घरी काय सांगायचं, या धास्तीत ती वर्षं गेली. 'वर्ष वाया जाणं' हे आमच्या पिढीच्या कोशात आजारपणाइतकंच वाईट. आणि इथे आमची मुलगी आपणहून वर्ष घालवायला निघालेली!

तिचं म्हणणं साधं होतं. जर्मनीत 'फ्रायविलिगेस ओकोलोगिशेस यार', म्हणजे निसर्गासाठी स्वेच्छेने द्यायचं एक वर्ष, अशी सोय आहे. मुलं त्याला नुसतं 'एफ-ओ-यॉट' म्हणतात. १९९३ पासून त्याला कायद्याचा आधार आहे. वयाची २७ वर्षं पूर्ण होण्याआधी कुणालाही ते करता येतं. राहायची सोय, थोडा हातखर्च, विमा, वर्षात २५ दिवस शिबिरं आणि बाकी सगळे दिवस काम. तिने अर्ज केला होता 'शुट्झस्टात्सिओन वाटनमेअर' या संस्थेकडे. उत्तर समुद्राच्या किनाऱ्याचं रक्षण करणारी ही संस्था १९६२ पासून काम करते, हूझुम गावी तिचं मुख्य ठाणं आहे. तिला जागा मिळाली होती होगे नावाच्या बेटावर.

आठवडाभर घरात भांड्याला भांडं लागत राहिलं. शेवटी निकाल लागला तो गुहागरहून. आजींना फोनवर सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं, त्या आमची बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "समुद्रावरच जातेय ना? मग एवढं काय झालं? फक्त पाण्याकडे पाठ करून उभी राहू नको म्हणावं." झालं! पुढे बोलायची सोयच राहिली नाही.

'वाट' हा जर्मन शब्द ऐकून आजींनी विचारलं होतं, "कसली वाट?" आपल्याला एकतर रस्ता आठवतो, नाहीतर इंजिनिअरांना विजेचं माप. हा 'वाट' म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी समुद्राची जमीन. हॉलंडच्या डेन हेल्डरपासून डेन्मार्कपर्यंत जवळजवळ ५०० किलोमीटरचा हा पट्टा आहे. दिवसातून दोनदा पाणी हटतं आणि मैलच्या मैल ओला गाळ आणि वाळू उघडी होते. सहा तासांनी पुन्हा समुद्र. नुसता चिखल म्हणून जो भाग आम्ही सुट्टीत ओलांडून गेलो असतो, तो २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. २०१४ मध्ये डेन्मार्कचाही भाग त्यात आला. श्लेस्विग-होलश्टाईन राज्याने तर १९८५ मध्येच आपल्या हद्दीतल्या भागाचं राष्ट्रीय उद्यान केलं होतं.

आणि होगे? त्याला बेट म्हणणंही तसं चुकीचं. अशा सपाट, बुटक्या भूभागांना तिथे 'हालिग' म्हणतात. असे दहा हालिग आहेत. होगेवर वस्ती शंभराच्या आसपास. सगळी घरं माणसांनी हाताने रचलेल्या मातीच्या टेकाडांवर, त्यांना म्हणतात 'वार्फ्ट'. इथल्या समुद्राने माणसाला फार छळलं आहे. १३६२ च्या वादळात रुंगहोल्ट नावाचं अख्खं गाव गेलं, १६३४ च्या एका रात्रीत श्ट्रांड नावाच्या मोठ्या बेटाचे तुकडे झाले आणि हजारो माणसं बुडाली. ही माहिती आम्हाला कन्येने निघायच्या आधी हौसेने सांगितली. आईवडिलांना अशा वेळी काय सांगू नये, हे मुलांना कळत नाही, नाही का?

पहिले दोन महिने कठीण गेले. फोनवर आवाज बारीक. चार-पाच तरुण मुलामुलींचं एकत्र घर, पाळीपाळीने स्वयंपाक, कुणी भांडी घासत नाही म्हणून रुसवे. दुपारची बोट गेली की प्रवासी संपतात आणि वारा तेवढा उरतो. "आई, इथे अंधार किती काळा असतो ग," असं ती एकदा म्हणाली. परत ये म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. म्हटलं नाही, कारण २००१ च्या पहिल्या हिवाळ्यात आम्हीही घरी असाच फोन करायचो आणि तिकडून कुणी परत ये म्हणालं नव्हतं.

मग हळूहळू फोनमधला विषय बदलला. ती कामाबद्दल बोलायला लागली.

समुद्र वाचवायचं काम म्हणजे आमच्या डोळ्यापुढे जहाजासमोर होडी घालणारे धाडसी लोक होते. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भाग म्हणजे मोजणं, नोंदवणं आणि आलेल्या माणसाला समजावून सांगणं. दर पंधरा दिवसांनी पक्ष्यांची गणती. वर्षाकाठी एक कोटीहून जास्त स्थलांतरी पक्षी या पट्ट्यात उतरतात. ओहोटीला ते गाळावर विखुरलेले असतात, मोजणं अशक्य. मोठ्या भरतीला पाणी वर चढतं, गाळ झाकला जातो आणि सगळे पक्षी किनाऱ्याच्या गवतावर दाटीने येऊन बसतात. तेव्हा दुर्बीण लावून मोजायचं. मोठी भरती म्हणजे आपलं उधाण, पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे. तिच्या खोलीत आम्ही पाठवलेलं कालनिर्णय टांगलेलं होतं. गणतीचा दिवस साधारण कधी येणार, हे ती त्यात बघून घरातल्या जर्मन मुलांना सांगायला लागली!

आजींनी त्यात भर घातली. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. होगेला हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, तिथे आपली वेगळी बेरीज-वजाबाकी करावी लागते. पण रोज भरती पाऊण तासाहून थोडी अधिकच पुढे सरकते, ते सरकणं गुहागरलाही तेच आणि होगेलाही तेच. चंद्र एकच ना! आजी आणि नात आठवड्यातून एकदा फोनवर उधाण आणि भांग यांबद्दल बोलत असत आणि आम्ही दोन मास्टर्स-पदवीधारक शेजारी बसून ऐकत असू.

आमच्यातल्या इंजिनिअरला मात्र स्वस्थ बसवेना. दहा हजारांचा थवा मोजता कसा? चूक किती टक्के? तिने शांतपणे समजावलं, "बाबा, आधी दहा पक्षी नीट मोजायचे. मग तेवढा तुकडा डोळ्यात धरून शंभर. शंभराचा तुकडा धरून हजार. चूक होतेच. पण तीच जागा, तेच उधाण, तीच पद्धत वर्षानुवर्षं ठेवली की चूकही साधारण तेवढीच राहते. मग आकडे वाढतायत की उतरतायत ते कळतं." कारखान्यात आम्ही नव्या मुलांना मोजमापाबद्दल नेमकं हेच सांगतो. आता आम्हाला सांगितलं जात होतं.

त्या हिवाळ्यात एकदा 'लांड उंटर' झालं. शब्दशः अर्थ, जमीन पाण्याखाली. होगेभोवती बुटका दगडी बांध आहे, म्हणून तिथे हे वर्षातून थोड्याच वेळा होतं, पण वादळ मोठं असलं की समुद्र बांध ओलांडून आत येतो. संध्याकाळी तिचा फोन आला, "गाईगुरं आत घेतली आहेत. आता रस्ते दिसत नाहीत. प्रत्येक वार्फ्ट म्हणजे वेगळं जहाज झालंय." आवाजात भीती नव्हती, कौतुक होतं. आम्ही मात्र पाण्याच्या पातळीचे आकडे बघत रात्र काढली. १९६२ च्या महापुरानंतर हालिगवरच्या घरांतून काँक्रीटच्या खांबांवर उभी असलेली आसऱ्याची खोली बांधली गेली, घर पडलं तरी ती उभी राहावी म्हणून. हे वाचल्यावर आमचा थोडा जीव खाली पडला. घर बांधणाऱ्याने हिशेब नीट केलेला असला की इंजिनिअरला झोप येते, पण त्या रात्री तीही अर्धवटच आली. सकाळी तिने फोटो पाठवला. पाणी उतरलेलं, कुंपणावर गवत आणि प्लास्टिक लोंबतंय, आणि ही गमबूट घालून ते गोळा करतेय.

प्लास्टिकची मोजणी हे तिचं दुसरं काम. किनाऱ्याचा ठरावीक १०० मीटरचा पट्टा, तिथे पडलेली प्रत्येक वस्तू उचलायची आणि यादीत टाकायची. ईशान्य अटलांटिकच्या देशांनी मिळून ठरवलेली ही पद्धत आहे. बाटल्यांची झाकणं, दोर, फुग्यांच्या फिती आणि निळ्या-केशरी नायलॉनसारख्या दोऱ्यांचे पुंजके. समुद्रतळावरून ओढायची जाळी झिजू नयेत म्हणून त्यांच्या खाली या दोऱ्यांची झूल बांधतात, ती तुटून वाहत येते. हेल्गोलांड बेटाच्या कड्यावर गॅनेट पक्षी याच दोऱ्यांनी घरटी विणतात आणि त्यातच अडकून मरतात.

"पण मोजून काय होतं?" हा आमचा प्रश्न शेवटपर्यंत होता. तिचं उत्तर दोन जहाजांचं होतं. ऑक्टोबर १९९८ मध्ये लाकूड घेऊन निघालेल्या 'पल्लास' जहाजाला आग लागली आणि ते अमरुम बेटाजवळ रुतलं. तेल फार नव्हतं, मोठ्या टँकरच्या मानाने तर किरकोळच. पण सुमारे १६ हजार समुद्रपक्षी मेले, त्यात आयडर बदकं सर्वांत जास्त. थंडीत किनारे तुडवून पक्षी मोजले गेले म्हणून हा आकडा हाती आला. आकडा होता म्हणून तेल थोडंच होतं असं म्हणून कुणाला हात झटकता आले नाहीत. त्या अपघाताच्या चौकशीतून २००३ मध्ये कुक्सहाफेनला सागरी दुर्घटनांसाठी एकच मध्यवर्ती नियंत्रण-कचेरी उभी राहिली. दुसरं जहाज 'एमएससी झोई'. २०१९ च्या नववर्षाच्या रात्री वादळात त्यावरून ३४२ कंटेनर समुद्रात पडले. खेळणी, टीव्ही, प्लास्टिकचे बारीक दाणे बेटांच्या किनाऱ्यांवर आले. रोजचा कचरा किती हे आधी मोजलेलं असलं, तरच नवा कचरा किती हे सांगता येतं. आम्ही गप्प बसलो.

मे महिन्यात आम्ही होगेला गेलो. श्ल्युटझीलहून बोट. धक्क्यावर ती उभी होती, वाऱ्याने गाल रापलेले, पायात चिखलाचे बूट. दुसऱ्या दिवशी तिच्या 'वाट'-फेरीत आम्ही तिकीट काढून सामील झालो. तीसेक जर्मन पाहुणे, बहुतेक आमच्याहून वयस्क, आणि पुढे आमची एकोणीस वर्षांची मुलगी फावडं घेऊन. अनवाणी पायांना तो गाळ लागला आणि गुहागरच्या खाडीतल्या तिसऱ्या आठवल्या. गाळावर सगळीकडे शेवेचे पुंजके पडल्यासारखे दिसत होते. ते 'वाटवुर्म' नावाच्या किड्याचे. एक किडा वर्षाला सुमारे २५ किलो वाळू पोटातून काढतो आणि सगळा किनारा नांगरत राहतो. मग तिने क्नुट पक्ष्याची गोष्ट सांगितली. मुठीएवढा पक्षी, हिवाळा पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर, अंडी घालायला सैबेरियात. मधला थांबा हा गाळ. इथे तीन-चार आठवड्यांत शिंपले खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करायचं आणि चार हजारांहून जास्त किलोमीटर उडायचं. "हा थांबा गेला, तर दोन्ही टोकं असून उपयोग नाही," ती म्हणाली.

फेरी संपल्यावर एका आजोबांनी विचारलं, "पण तू मूळची कुठली?" हा प्रश्न आपल्या मुलांना नवा नाही. आम्ही जरा ताठलो. ती म्हणाली, "स्टुटगार्टची. समुद्र आजीकडून आलाय." आजोबा हसले आणि त्यांनी आजीचं गाव विचारलं. मग ती दोघं पंधरा मिनिटं भरतीबद्दल बोलत उभी राहिली.

त्या दिवसांत होगेवर रिंगलगान्स उतरले होते. काळ्या मानेचे हे रानहंस सैबेरियाला जाण्यापूर्वी हालिगच्या कुरणांवर हजारोंनी चरतात. गाईंसाठी राखलेलं गवत हंसांनी फस्त केलं तर शेतकरी संतापणारच. पूर्वी मोठी भांडणं होती. राष्ट्रीय उद्यानालाही किनाऱ्यावरच्या लोकांचा कडवा विरोध झाला होता, समुद्र आमचा आणि नियम राजधानीचे, म्हणून. १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांना चराईची भरपाई मिळू लागली आणि १९९८ पासून वसंतात रिंगलगान्सचा उत्सवच भरतो. पाहुणे येतात, घरोघरच्या खोल्या भरतात. ज्या घरात आम्ही उतरलो होतो त्या बाई म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांना हे हंस डोळ्यासमोर नको असायचे. आम्ही आता त्यांची वाट बघतो."

हे ऐकताना आम्हाला वेळास आठवलं. मंडणगड तालुक्यातलं नाना फडणवीसांचं गाव. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांना तिथल्या पुळणीवर कासवांच्या अंड्यांची फोडलेली टरफलं दिसली. अंडी माणसं काढून नेत होती. संस्थेने गावातल्याच लोकांना हाताशी धरलं, घरटी कुंपणात आणून राखली, पिल्लं समुद्रात सोडली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांतून उतरू लागले, आमटी-भात आणि मोदक खाऊ लागले. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रहाचं यंत्र लावून सोडलेली 'बागेश्री' नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली, तेव्हा आजींनी आम्हाला फोन करून सांगितलं होतं आणि आम्ही "हो का?" एवढंच म्हणून विषय बदलला होता. होगेच्या त्या खोलीत बसून आम्हाला त्याची लाज वाटली. आमच्या स्वतःच्या किनाऱ्याकडे आम्ही पाठ करून उभे होतो आणि उलट मुलीलाच सांगत होतो, वर्ष वाया घालवू नको.

ऑगस्ट २०२५ मध्ये तिचं वर्ष संपलं. मेकॅनिकलची जागा तिला परत मिळाली असती. तिने ती घेतली नाही. ओल्डेनबुर्ग विद्यापीठात पर्यावरणशास्त्राला गेली. तिथे समुद्राच्या रसायन आणि जीवशास्त्राची मोठी संस्था आहे. खोटं कशाला बोला, आम्हाला वाईट वाटलं. पगार, नोकरी, स्पर्धा, हे सगळे प्रश्न आम्ही विचारले आणि काहींची उत्तरं तिच्याकडेही नाहीत. पण एक फरक पडला आहे. पूर्वी आम्ही विचारायचो आणि ती गप्प बसायची. आता ती तारीख, आकडा आणि कारण घेऊन बसते आणि आम्हाला ऐकावं लागतं. एका वर्षात हे आलं असेल तर वर्ष कुठे गेलं, हा हिशेब आम्हाला पुन्हा मांडायला हवा.

ज्यांच्या घरी हा विषय निघेल त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. हे वर्ष साधारणपणे ऑगस्ट किंवा सप्टेंबरला सुरू होतं, अर्ज मात्र आदल्या हिवाळ्यातच करावा. किंडरगेल्ड चालू राहतं, आरोग्यविमा मुलाच्या नावाने वेगळा होतो. सेवेच्या आधी किंवा दरम्यान विद्यापीठाचा प्रवेश मिळालेला असेल तर सेवेनंतर पुन्हा अर्ज करताना त्याला प्राधान्य मिळतं, मात्र ते प्रवेशपत्र जपून ठेवायला हवं. आमचं अर्धं भांडण ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे झालं. आणि सामानात जाड लोकरी मोजे आणि लोणच्याची बाटली द्या. दोन्ही पहिल्या महिन्यात संपतात.

२०२५ च्या गणपतीत त्याच काकू पुन्हा भेटल्या. "मोजले का सगळे पक्षी?" त्यांनी हसत विचारलं. मग जरा बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या नातवाने परवा तसलाच एक फॉर्म आणलाय. तुमच्या मुलीचा नंबर द्याल का?"

दिला. आणखी कुणाला हवा असल्यास आम्हाला जरूर सांगा.